यात व्हिलन कोण?

मे महिन्यात सांगलीहून भाची आली की टीव्ही कुणाच्या ताब्यात, यावरून आमच्या साताऱ्याच्या घरात रोज रात्री वाद. यंदा आईने निवाडा दिला : एक रात्र पोरीची, एक रात्र मामाची. तिच्या रात्री जपानी ॲनिमेशन, माझ्या रात्री जुने काळे-पांढरे सिनेमे. नाकं दोन्हीकडे मुरडली गेली. ''मामा, यात रंग कधी येणार?'' हा भाचीचा प्रश्न. ''एवढाले डोळे कुठल्या माणसाला असतात गं?'' हा आईचा.

पहिली रात्र भाचीने जिंकली. 'माय नेबर टोटोरो' हा हायाओ मियाझाकींचा 1988 चा चित्रपट. आई दवाखान्यात, म्हणून वडील दोन लेकींना घेऊन खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात. शेजारच्या रानात एक भला थोरला केसाळ प्राणी असतो. भर पावसात मुली बसथांब्यावर वडिलांची वाट पाहत उभ्या असतात आणि तो येऊन शेजारी उभा राहतो. मग बराच वेळ काहीच घडत नाही. छत्रीवर थेंब पडत राहतात. मालिकेत दर दोन मिनिटांनी कुणी कुणाच्या मुस्काटात दिली नाही तर पेंगणारी माझी आई भाजी निवडायची थांबली होती. ''ही भातखाचरं आपल्या पाटणकडचीच वाटतात,'' एवढंच म्हणाली.

दुसऱ्या रात्री मी व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' लावला. साल 1957. रंगाच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकलं : याच माणसाने 1933 मध्ये 'प्रभात'चा 'सैरंध्री' रंगीत करण्यासाठी थेट जर्मनी गाठली होती आणि 'दो आँखें'च्या दोनच वर्षं आधी 'झनक झनक पायल बाजे' रंगांनी न्हाऊ घातला होता. म्हणजे काळं-पांढरं ही त्यांची निवड होती. भाचीने आधी हात मोजले. सहा कैदी, बारा हात, हिशोब जुळला. मग त्या खुन्यांना बेडीशिवाय माळरानावर घेऊन जाणारा जेलर, अर्ध्या उजेडातले दाढीवाले चेहरे आणि ते रोखलेले डोळे यांत ती अशी गुंतली, की रंगाचं नाव पुन्हा निघालं नाही.

''हे खरं घडलेलं आहे?'' तिने विचारलं. माझी कळी खुलली. या चित्रपटाची कथा ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे आटपाडीजवळच्या शेटफळ्याच्या माणसाची. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश अभियंता यांनी 1939 मध्ये तिथे स्वतंत्रपूर वसवलं. कैद्यांना भिंतीआड कोंडायचं नाही, जमीन कसू द्यायची, असा तो प्रयोग. ती खुली वसाहत अजून आहे. बर्लिनच्या महोत्सवात 1958 मध्ये रौप्य अस्वल मिळवणाऱ्या चित्रपटाचं मूळ आपल्या माणदेशात आहे, हे ऐकून भाची लगेच म्हणाली, ''म्हणजे आमच्या सांगलीचा पिक्चर!'' मी म्हटलं, थांब. चित्रपट आला तेव्हा आटपाडी 'दक्षिण सातारा' जिल्ह्यात होती. त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं ते 1960 मध्ये. हा तंटा अजून मिटलेला नाही.

पण खरा प्रश्न तिने झोपता झोपता टाकला. ''मामा, यात व्हिलन कोण?'' भाव पाडला म्हणून कैद्यांवर गुंड घालणारे भाजीचे व्यापारी आहेत. पण खून केलेले सहा जण चांगले निघतात, मग हे कसलं गणित? 'टोटोरो'त तर दुष्ट माणूस औषधालाही नाही. तरीही दोन्हींत जीव टांगणीला लागतो.

सहकुटुंब पाहण्याजोगा म्हणजे ज्यात 'तसलं' काही नाही असा सिनेमा, अशी आपली समजूत. खुनी कैद्यांचा चित्रपट त्या चाळणीतून खाली पडायचा. आणि दुःखाचं काय? 'टोटोरो'तल्या धाकटीला आई मरेल अशी भीती वाटते. 'दो आँखें'चा जेलर शेवटी बैलाच्या हल्ल्यात जातो. देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणाऱ्या अत्र्यांच्या 'श्यामची आई'त आईच जाते, आणि तो आपण पिढ्यान् पिढ्या पोरांना दाखवतो. पोरांना दुःख सोसतं. मात्र ते सोसायला शेजारी घरातलं कुणीतरी मोठं माणूस बसलेलं हवं. तेव्हा कार्टून आहे म्हणून पोरांना एकटं सोडून स्वयंपाकघरात जाऊ नये. जपानमध्ये 'टोटोरो'च्या जोडीने 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' प्रदर्शित झाला होता. महायुद्धात पोरक्या झालेल्या भावा-बहिणीची ती कथा लहानग्यांना झेपणारी नाही.

सुट्टी संपत आली तशी आईने स्वतःसाठी एक रात्र मागून घेतली. तिच्यासाठी भाचीने युगो साको यांचं जपानी-भारतीय रामायण शोधून काढलं. आपले राम मोहन त्याच्या दिग्दर्शकांपैकी एक. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांचं 'सीता स्वयंवर' जिथे रंगलं, त्या सांगलीच्या पोरीने आजीला जपानी राम दाखवावा, याची मला मौज वाटली. आईने मोठ्या डोळ्यांचा राम फार खळखळ न करता मान्य केला.

''बघ आजी, इथे आहे व्हिलन,'' रावण येताच भाची म्हणाली.

''आहे की,'' आई म्हणाली. ''पण तो मेल्यावर त्याचं क्रियाकर्म नीट कर, असं बिभीषणाला कुणी सांगितलं? रामानेच ना?''