समुद्र वालूरला आणायचाच, तर आधी शेवाळ आणा

आमच्या वालूरपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. पण सेलू-परभणीच्या पोरापोरींच्या मोबाइलमध्ये तो रोज येतो. काचेची टाकी, निळा लाइट, हलणारं हिरवं शेवाळ, मध्ये केशरी-पांढरा ‘निमो’. मग कट्ट्यावर विषय निघतोच. “गोल्डफिश तर सगळ्यांकडंच असतात राव. आपण सॉल्टवॉटर करू. तेबी प्लांटेड!”

करा की. खेडेगावात राहणाऱ्याने असले शौक करू नयेत, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. माझी तक्रार वेगळी आहे. बहुतेक जण हे काम उलट्या टोकाने सुरू करतात. आधी मासा आवडतो, मग त्याच्यासाठी टाकी येते, मग दगड, मग वाळू आणि सगळ्यात शेवटी शोभेपुरती वनस्पती. पुढच्या महिन्यात मासा मेलेला असतो आणि ‘आपल्याकडचं पाणीच खराब’ असं म्हणून विषय संपतो. पाण्याला दोष देणं सोपं असतं, कारण ते उलटून बोलत नाही.

समुद्री टाकीतली ‘झाडं’ म्हणजे काय, ते आधी बघू. गोड्या पाण्यातली नेहमीची वनस्पती खाऱ्या पाण्यात टाकली की चार दिवसांत कुजते. खाऱ्या पाण्यात चालतात ती मोठी समुद्री शेवाळं. गुंतलेल्या हिरव्या दोऱ्यासारखी कीटोमॉर्फा, पानांच्या माळेसारखी कौलर्पा, लालसर ग्रॅसिलेरिया. ह्यांना खरी मुळं नसतात, अन्न थेट पाण्यातून घेतात. दुसरा प्रकार सागरी गवताचा. ती खरीखुरी फुलणारी वनस्पती आहे, तिला मुळं असतात, त्यामुळे चार-सहा इंच जाड वाळू लागते. तिसरी खारफुटी. तिच्यातलीच पांढरी चिप्पी २०२० साली महाराष्ट्राची राज्य कांदळवन वृक्ष ठरली. मात्र खाडीतून रोप उपटून आणायचा विचार मनातून काढून टाका. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे.

ही शेवाळं आधी का? माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. वाळूतले आणि दगडावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. शेवाळ अमोनियाही घेतं आणि नायट्रेटही. म्हणजे पिकाला खत लागतं तसंच. शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला हे समजावून सांगावं लागू नये. जमीन तयार नसताना पेरणी करतो का आपण? मग पाणी तयार नसताना मासा का सोडतो?

आता पाण्याचा हिशेब. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात शौकासाठी पाणी वापरताना प्रश्न पडलाच पाहिजे, आणि तो विचारणाऱ्या घरच्यांवर चिडू नये. शंभर लिटरच्या टाकीत दर आठवड्याला दहा लिटर पाणी बदललं, तर तेवढं आरओचं पाणी लागतं. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे बऱ्याचदा दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. म्हणजे आठवड्याला तीस-चाळीस लिटर धरा. उन्हाळ्यात घरातला कूलर एवढं पाणी एका दिवसात पिऊ शकतो. शिवाय आरओचं बाहेर टाकलेलं पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला चालतं. तेव्हा पाण्यासाठी टाकी नको, हा युक्तिवाद मला फारसा पटत नाही. बोअरचं पाणी मात्र थेट घालू नका. आपल्याकडं ते जड असतं आणि शेताजवळच्या बोअरमध्ये नायट्रेटही असू शकतं. घरचं मीठही चालत नाही. ते जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही असतं. त्यासाठी समुद्री टाकीचं खास मीठ मिळतं. लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरला साडेतीन किलो.

आणि एक गंमत कायम लक्षात ठेवा. उन्हाने पाणी उडतं, मीठ उडत नाही. शंभरातलं पाच लिटर पाणी उडालं की ३५ ची खारटपणाची पातळी जवळपास ३७ वर जाते. म्हणून रोजची भर साध्या आरओच्या पाण्याने घालायची, खाऱ्या पाण्याने नाही. काचेवर पेनाने एक रेघ मारून ठेवा. एवढं साधं काम आहे.

खरी अडचण उष्णतेची आहे. ह्या टाकीला २४ ते २७ अंश तापमान लागतं आणि आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४२-४३ असतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, खाऱ्या पाण्यात आणखी कमी. त्यात रात्री लाइट बंद झाले की शेवाळं ऑक्सिजन बनवायचं थांबवतात आणि उलट वापरायला लागतात. अशा वेळी रात्री दोन वाजता लाइट गेली आणि पंप बंद पडला, की सकाळी मासा तरंगतोय. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप नसेल तर समुद्री टाकी घेऊच नका. ह्या मुद्द्यावर माझ्याशी वाद घालू नका. तापमानाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं, आणि आपली हवा कोरडी असल्याने ही युक्ती दमट मुंबईपेक्षा इकडं जास्त चालते. जो कूलर परभणीत गार हवा देतो तो दादरला का देत नाही, त्याचंच हे उत्तर. पाऊस सुरू झाला की पंख्याचा जोर कमी होतो, आणि डिसेंबरात उलटं हीटर शोधावं लागतं.

रिअरेंज करणं हा पोरांचा आवडता उद्योग. नवीन रील, नवीन मांडणी. गोड्या पाण्याच्या टाकीत हे एकवेळ खपून जातं. समुद्री टाकीत जाड वाळूच्या तळाशी ऑक्सिजन पोचत नाही आणि तिथं हायड्रोजन सल्फाइड साठू शकतो. तोच तो, कुजक्या अंड्याच्या वासाचा. वाळू एका दमात उकरली की तो वायू वर येतो आणि माशांना मारतो. सागरी गवत उपटून दुसरीकडं लावलं तर ते बरेच आठवडे रुसून बसतं, पानं टाकतं. कौलर्पाचं तर आणखी अवघड. तिचा सगळा वेल म्हणजे एकच लांबलचक पेशी असते. जागोजागी तोडली की आतला रस पाण्यात जातो. आणि कधी कधी ती आपणहून सगळं बीजद्रव्य पाण्यात सोडते. एका रात्रीत टाकी दुधासारखी पांढरी आणि वेल काचेसारखा पारदर्शक.

म्हणून मांडणी बदलायची तर एका वेळी एकच कोपरा, आणि मग आठ-पंधरा दिवस हात खिशात. उंच दगड मागे, कीटोमॉर्फाचा गुंता एका बाजूला जाळीत, गवताची पट्टी पुढे, आणि मध्ये पोहायला मोकळी जागा. ही मांडणी कागदावर आधी काढा. माझ्या मते वर्षातून एकदाच मोठा बदल करावा, तोही नवीन मासा आणायच्या आदल्या दिवशी. त्याला कारण आहे. टाकीतल्या जुन्या माशाने आपला इलाका ठरवलेला असतो. नवा आला की तो त्याला हाणतो. दगड हलवले की जुन्याचाही पत्ता हरवतो आणि दोघं सारखेच नवखे होतात. फर्स्ट इयरची ओरिएंटेशन सेकंड इयरलाही परत लावली तर रॅगिंग कमी होईल, तसंच काहीसं.

दगड कुठले? विक्रेते ‘लाइव्ह रॉक’ म्हणून जे दाखवतात ते पुष्कळदा प्रवाळाचेच तुकडे असतात. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ सालापासून आपल्याकडं प्रवाळ आणि समुद्रघोडे संरक्षित आहेत. ‘सगळेच ठेवतात’ हे उत्तर वनखात्यासमोर चालत नाही. कृत्रिम, सच्छिद्र दगड घ्या. जिवाणूंना दगडाची जात कळत नाही, त्यांना राहायला भोकं हवीत.

हा मोह आजचा नाही. इंग्लंडमध्ये फिलिप हेन्री गॉस नावाच्या निसर्ग-अभ्यासकाने १८५४ मध्ये ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक लिहिलं आणि हा शब्द घरोघरी पोचला. समुद्री शेवाळ आणि प्राणी एकत्र ठेवले की पाणी टिकतं, हीच त्या काळच्या टाक्यांची मूळ कल्पना. म्हणजे घरगुती समुद्री टाकी जन्मालाच ‘प्लांटेड’ आली. पण लोकांना एवढं वेड लागलं की किनाऱ्यावरच्या खडकांतली डबकी माणसांनी ओरबाडून रिकामी केली. गॉसच्या मुलाने, एडमंडने, पुढे १९०७ मध्ये आपल्या आठवणींत ह्याबद्दल हळहळ व्यक्त केली. कोकणात ट्रिपला जाऊन खडकावरचं शेवाळ पिशवीत भरणाऱ्यांनी हे वाचावं. शेवाळ हवं असेल तर पुण्या-मुंबईतल्या जुन्या शौकिनांकडं मागा. त्यांच्याकडं ते इतकं वाढतं की छाटून फेकून द्यावं लागतं.

आता मासे. शंभर लिटरला दोन, फार तर तीन. हो, एवढेच.

‘डोरी’ नको. म्हणजे तो निळा सर्जन मासा. तो तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि तुमच्या टाकीची लांबीच जेमतेम अडीच-तीन फूट. त्याची बंदिस्त पैदास पहिल्यांदा जमली ती २०१६ मध्ये, फ्लोरिडा विद्यापीठाच्या लोकांना. बाजारात येणारा डोरी आजही बहुतांशी समुद्रातून पकडलेला असतो. आग्नेय आशियात अशी पकड करताना सायनाइड फवारून मासे गुंगवण्याचे प्रकार झाले आहेत. वर हा मासा शेवाळखाऊ, म्हणजे तुमची हिरवळ त्याचं जेवण. रंगीत मँडरिनही नको. तो दगडावरचे बारीक जीव टिपून जगतो आणि छोट्या टाकीत ते संपले की भरल्या घरात उपाशी मरतो. स्वस्तात मिळणारे डॅमसेल दिसायला गोड, पण सहा महिन्यांत गल्लीतले दादा होतात.

निमो, म्हणजे क्लाउनफिश, चालेल. पण टाकीत जन्मलेलाच. तमिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्राने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र कधीच बसवलंय. तेव्हा विक्रेत्याला सरळ विचारा, “दादा, हा पकडलेला की पैदाशीचा?” तो गोंधळला तर उत्तर मिळालं. क्लाउनफिशला समुद्रफूल लागतंच असं नाही, त्याच्याशिवाय तो मजेत राहतो. आणि हो, सगळे क्लाउनफिश जन्माला नर म्हणूनच येतात. जोडीतला मोठा मादी होतो. पिक्चरमध्ये हे दाखवलं असतं तर निमोच्या बापाची गोष्ट फारच वेगळी झाली असती.

माझी स्वतःची पसंती मात्र काळ्या मॉलीला आहे. आपल्याकडं कुठल्याही फिशटँकच्या दुकानात मिळते तीच. लोकांना ठाऊक नसतं, पण मॉलीला हळूहळू सवय लावली तर ती पूर्ण खाऱ्या पाण्यात आरामात राहते. तासाभरात नाही, थेंब-थेंब खारं पाणी वाढवत, दोन-तीन दिवस घेऊन. ती काचेवरचं बारीक शेवाळ खाते, पिल्लं देते, आणि तिच्यासाठी कुठल्याही समुद्रातला एकही मासा कमी होत नाही. “समुद्री टाकीत मॉली? इज्जत काय राहील?” असं एक मित्र म्हणाला. हिरव्या कौलर्पासमोर काळी मखमली मॉली कशी दिसते ते त्याने अजून पाहिलेलं नाही.

रीलमधल्या ‘एक्स्पर्ट’पेक्षा विचारायला आपल्याकडं जवळ माणसं आहेत. उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, आपल्याच मराठवाड्यात. रत्नागिरीला गेलात तर तिथल्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय बघा. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं. आपल्या आई-वडिलांच्या पिढीने शाळेच्या सहलीत समुद्रातले मासे पहिल्यांदा पाहिले ते बहुधा तिथंच.

अजून एक प्रश्न कुणी विचारत नाही. तुम्ही परीक्षेला, हॉस्टेलला, पुण्याच्या क्लासला गेलात की टाकी कोण बघणार? आई. ती तिच्या अंदाजाने मूठभर खाणं टाकणार, कारण तिच्या घरात कुणी उपाशी राहिलेलं तिला चालत नाही. जास्तीचं खाणं कुजून अमोनिया होणार. तेव्हा निघण्याआधी रोजच्या खाण्याच्या पुड्या बांधून ठेवा, गोळ्यांच्या पुड्या असतात तशा, आणि काचेवरची रेघ तिला दाखवून ठेवा.

बदललेलं खारं पाणी तुळशीत, परसात किंवा शेतात ओतू नका. दहा लिटरमध्ये ३५० ग्रॅम मीठ असतं आणि आपली काळी माती ते धरून ठेवते. मोरीत टाका. आणि कंटाळा आला म्हणून मासे गावच्या बारवेत किंवा दुधनेत सोडायचे नाहीत. उजनीत सकर मासा असाच कुणाच्या तरी टाकीतून पोचला असणार, आणि आता तो तिथल्या मच्छीमारांची जाळी फाडतो. मॉली तर गोड्या पाण्यातही जगते, पिल्लंही देते. वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी गाळ-कचरा काढून पुन्हा उघडी केली आहे. टाकी मोडायची झाली तर मासे दुकानदाराला परत द्या, शेवाळ उन्हात वाळवून टाका, आणि मीठ लागलेली वाळू ओढ्यात न टाकता पोत्यात भरून ठेवा. पुढचा शौकीन गावात निघेलच.