कॅरेट उचलते, मग व्यायाम कशाला?

आंबिया बहाराची संत्री निघू लागली की काटोल तालुक्यातल्या बागांमध्ये बायकांच्या हातांना उसंत नसते. फळे निवडायची, डागी बाजूला काढायची, कॅरेट भरायचे आणि भरलेला वीस-बावीस किलोचा कॅरेट दोघींनी धरून गाडीपर्यंत न्यायचा. त्याच दिवसांत कापसाची वेचणी सुरू होते. कमरेला ओटी बांधून सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाकायचे. अशा बाईला कोणी सांगितले की आठवड्यातून दोन दिवस वजन उचलण्याचा व्यायाम कर, तर ती हसेल. ‘दिवसभर राबतो ना, आमाले कायले पायजे व्यायाम?’ हा तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे नीट उत्तर तिला कोणी देत नाही, ही खरी अडचण आहे.

याच गावात दुसरी एक बाई आहे. नोकरी करणारी, घर सांभाळणारी, पहाटे मैत्रिणींसोबत चार-पाच किलोमीटर चालून येणारी. ‘चालत जा, वजन कमी करा’ एवढाच सल्ला तिला मिळालेला असतो आणि ती तो इमानाने पाळते. तरी पंचेचाळिशीनंतर दोघींच्या तक्रारी सारख्याच होतात. गुडघे धरतात, कंबर दुखते, पोट सुटते, रात्री घामाने जाग येते, तपासणीत साखर वाढलेली निघते. ‘हार्मोनचे आहे, वयाचे आहे’ असे म्हणून दोघीही गप्प बसतात. हार्मोनचे आहे हे खरे. पण म्हणून काहीच करता येत नाही, हे खरे नाही.

इस्ट्रोजेन जाते तेव्हा काय जाते?

इस्ट्रोजेन हे केवळ पाळीचे हार्मोन नाही. हाडांत सतत दोन कामे चालू असतात. जुने हाड खाणाऱ्या पेशी आणि नवे हाड बांधणाऱ्या पेशी आपापले काम करतात. खाणाऱ्या पेशींना आवर घालण्याचे काम इस्ट्रोजेन करते. पाळी थांबली की हा आवर सुटतो. त्यामुळे रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज सर्वाधिक वेगाने होते. याच काळात स्नायूही कमी होऊ लागतात आणि चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते. पाश्चात्त्य देशांत हे वय ५१ च्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडच्या बाईला इस्ट्रोजेनविना चार-पाच वर्षे जास्त काढायची असतात.

तरुण मुलींमध्ये प्रश्न वेगळा, पण धागा तोच. पीसीओएस असलेल्या अनेक मुलींमध्ये इन्सुलिनचा परिणाम नीट होत नाही, म्हणून शरीर ते जास्त तयार करते. हे जादा इन्सुलिन बीजांडांना पुरुषी हार्मोन अधिक बनवायला लावते आणि त्या हार्मोनला बांधून ठेवणारे यकृतातले प्रथिन कमी करते. मग पाळी लांबते, चेहऱ्यावर केस येतात, मुरुम उठतात. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा सर्वात मोठा गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर आत ओढून घेतो. स्नायू जितका भक्कम आणि वापरातला, तितके इन्सुलिनवरचे ओझे हलके. मुलीला पीसीओएस आहे म्हटल्यावर घरात लग्नाची काळजी आधी सुरू होते आणि जेवण कमी केले जाते. तिच्या स्नायूंचा विचार कुणाच्या मनात येत नाही.

राबणे आणि व्यायाम यांत फरक काय?

आता त्या रास्त प्रश्नाकडे येऊ. कापूस वेचणारी बाई दिवसभर वाकते, पण प्रत्येक वेळी हातात असतो तो काही ग्रॅम कापूस. शरीर तासन्‌तास एकाच ठेवणीत राहते. दमणूक प्रचंड होते, पण हाडाला आणि स्नायूला ‘आता मजबूत व्हा’ असा निरोप जात नाही. तो निरोप सवयीपेक्षा जास्त भार पडला तरच जातो. वीस वर्षे तोच हंडा उचलणाऱ्या शरीराला त्या हंड्याची सवय झालेली असते.

व्यायामात तीन गोष्टी असतात, ज्या मजुरीत नसतात. पहिली, भार हळूहळू वाढतो. दुसरी, मध्ये विश्रांतीचा दिवस असतो, कारण स्नायू भरून येतो तो विश्रांतीत. तिसरी, पाठ सरळ ठेवून, श्वास सांभाळून, दोन्ही बाजूंना सारखे काम दिले जाते. मजुरीत भार मुकादम ठरवतो, विश्रांती पावसाने दिली तर मिळते आणि पोटात जाते ती भाकर, तिखट व पातळ वरण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी, प्रथिने कमी आणि वर बारा तासांचे काम. अशा शरीरातून मजुरी ताकद काढून घेते. व्यायामाने ती परत साठवायची असते.

चालणेही चांगलेच आहे, हृदयासाठी आणि मनासाठी. पण केवळ चालण्याने मणक्याची घनता फारशी वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामासोबत किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम स्वतंत्रपणे सांगितला आहे. दवाखान्यातल्या चिठ्ठीवर त्यातले पहिले वाक्य येते, दुसरे गळून जाते.

बीडने दाखवलेले टोक

हार्मोन आणि श्रम यांचा संबंध किती क्रूर होऊ शकतो, हे महाराष्ट्राने बीडमध्ये पाहिले आहे. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत काम बुडते, मजुरी कापली जाते, पांढरे जाणे व पोटदुखी मागे लागते, वर कॅन्सरची भीती घातली जाते. मग ‘पिशवीच काढून टाकू’ हा उपाय ठरतो.

त्यानंतर शस्त्रक्रियांवर देखरेखीचे नियम आले, चर्चाही झाली. पण ज्यांच्या शस्त्रक्रिया आधीच होऊन गेल्या, त्यांच्या हाडांचे काय, हे फारसे कोणी विचारले नाही. गर्भपिशवीसोबत बीजांडेही काढली असतील तर पस्तिशीतली बाई त्याच दिवशी रजोनिवृत्त होते. बीजांडे ठेवली तरी त्यांचे काम अनेकींमध्ये लवकर मंदावते. साठीत यायचा ठिसूळपणा मग पंचेचाळिशीत येतो. असे ऑपरेशन झालेल्या स्त्रिया केवळ बीडमध्ये नाहीत. त्या विदर्भातल्या गावांतही आहेत आणि ‘पिशवी काढली’ एवढेच त्यांना ठाऊक असते. बीजांडे काढली की ठेवली, हे डिस्चार्ज कार्डावर पाहून घेण्याइतके साधे कामही होत नाही. अशा प्रत्येक स्त्रीला कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, गरजेनुसार हार्मोन उपचार आणि ताकदीचा व्यायाम, या चारही गोष्टींबद्दल सल्ला मिळणे हा तिचा हक्क आहे.

वजन उचलल्याने काय होते, काय होत नाही

ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाचा ‘लिफ्टमोर’ नावाचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळी थांबलेल्या आणि हाडांची घनता कमी झालेल्या १०१ स्त्रिया त्यात होत्या. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास देखरेखीखाली जड वजने उचलली. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली. त्याआधी १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वदीच्या दहा जणांनी आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम केला, तेव्हा त्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली. ‘आता वय झाले’ या वाक्याला यापेक्षा चांगले उत्तर नाही.

मात्र बढाई नको. व्यायामाने इस्ट्रोजेन परत येत नाही. पीसीओएस समूळ जात नाही आणि थायरॉईडची गोळी बंद करता येत नाही. अंगात वाफा येण्याचा त्रास वजनी व्यायामाने कमी झाल्याचे स्वीडनमधल्या एका छोट्या अभ्यासात दिसले आहे, पण त्यावरून सगळ्यांना हमी देता येत नाही. ‘हार्मोन बॅलन्स’ करणारी पावडर आणि पाळीच्या तारखेनुसार आखलेले महागडे व्यायाम-तक्ते विकणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. पाळीत त्रास होत असेल तर त्या दिवशी हलके करावे, नसेल तर नेहमीसारखे करावे. मीराबाई चानूने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पाळीच्या तिसऱ्या दिवशी वजन उचलले, चौथी आली आणि तो दिवस शरीराला जड गेल्याचे मोकळेपणाने सांगितले. पाळीबद्दल इतके सरळ बोलणे व्यायामशाळेतही शक्य व्हायला हवे.

‘बायकांनी वजन उचलले तर बाप्यासारखे अंग होते’ हा समजही निराधार आहे. स्नायू फुगवणारे टेस्टोस्टेरॉन स्त्रीमध्ये पुरुषाच्या तुलनेत कितीतरी पटींनी कमी असते. मावळातल्या वडगावची हर्षदा गरुड २०२२ मध्ये ग्रीसमध्ये कनिष्ठ गटाची जागतिक विजेती झाली, ती ४५ किलो वजनी गटात. एकूण १५३ किलो वजन उचलणारी ही मुलगी स्वतः पन्नास किलोचीही नव्हती.

घागर, खुर्ची आणि भिंत

सुरुवातीला जिमची गरज नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, पिशवीत पाच किलो धान्य भरून पाठ सरळ ठेवत जमिनीवरून उचलणे, एका हाताने पाण्याची कॅन कमरेकडे ओढणे आणि टाचा उचलणे, एवढे पाच प्रकार पुरे. प्रत्येकी आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून दोन दिवस. शेवटच्या दोन वेळा कष्टाने जमल्या पाहिजेत. सहज जमू लागल्या की पिशवीत किलोभर धान्य वाढवावे. उचलताना श्वास रोखू नये, सोडावा. मजुरी करणाऱ्या बाईने हे वेचणीच्या भर हंगामात नव्हे, काम कमी असलेल्या दिवसांत सुरू करावे.

अंग बाहेर येत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, आधी हाड मोडले असेल किंवा नुकतेच बाळंतपण झाले असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. हाडे ठिसूळ असल्याचे माहीत असेल तर पुढे वाकून ओझे उचलू नये.

जोडीला ताटही बदलायला हवे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे पन्नास किलोच्या बाईला दिवसाला सुमारे ४२ ग्रॅम. अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. विदर्भात सोयाबीन पिकते, तूर पिकते. ती पिकवणाऱ्या बाईच्या वाट्याला मात्र वरणातले पाणी येते. घरात सर्वात शेवटी जेवणाऱ्या बाईची प्रथिने सर्वात आधी संपतात.

मागणी मोठी नाही

गावोगावच्या उद्यानांत खुल्या व्यायामशाळा बसवल्या आहेत. तिथे संध्याकाळी मुलांचा घोळका असतो आणि बायका बाहेरूनच चालत जातात. तिथली बहुतेक यंत्रे गोल फिरण्याची आणि झुलण्याची, भार वाढवण्याची सोय नसलेली. नगर परिषदेने दिवसातला एक तास केवळ स्त्रियांसाठी राखला, चार-सहा डंबेल ठेवले आणि शिकवणारी एक प्रशिक्षित बाई नेमली, तर खर्च एखाद्या स्वागत कमानीपेक्षा कमी येईल. आरोग्य मंदिरांत योगवर्ग होतात, बचत गटांच्या बैठका महिन्याला होतात, आशा ताई घरोघर जातात. जागा आहे, माणसे आहेत, व्यायाम शिकवणे तेवढे राहिले आहे.

आणि डॉक्टरांनी ‘चालत जा’च्या खाली आणखी एक ओळ लिहावी. किती वजन, किती वेळा, आठवड्यातून किती दिवस, हे गोळीच्या डोसासारखे स्पष्ट असावे. पाय घसरून न्हाणीघरात पडलेल्या आजीचे खुब्याचे हाड मोडते, तेव्हा घरातली दुसरी बाई मजुरी सोडून तिच्या उशाशी बसते. एका हाडाने दोन बायका घरात अडकतात. ते हाड सत्तरीत मोडले, तरी पंचेचाळिशीपासून ते झिजत आलेले असते. कॅरेट उचलणाऱ्या बाईच्या अंगात ताकद आहेच. ती म्हातारपणी तिच्या स्वतःसाठी शिल्लक राहावी, एवढ्यासाठी हा व्यायाम आहे.