नाट्यप्रयोगाचे छायाचित्रण : हक्क आणि संमती

नाटकाचा अभ्यास करताना आपण संहिता आणि प्रयोग यांत भेद करतो. संहिता छापून उरते. प्रयोग पडदा पडताच संपतो. पेण वा रोह्यातील एखाद्या हौशी मंडळाने जत्रेत किंवा गणेशोत्सवात केलेल्या नाटकाचा पुरावा पुढे बहुधा चार छायाचित्रांपुरताच राहतो. म्हणून प्रेक्षागृहात कॅमेऱ्याला सरसकट बंदी असावी, हे मत मला मान्य नाही. मात्र तिकीट काढले म्हणजे चित्रणाचा अधिकार मिळाला, ही समजूतही तितकीच चुकीची आहे. पेणच्या कारखान्यातून गणेशमूर्ती घेणाऱ्यास मूर्ती मिळते. मूर्तिकाराचा साचा मिळत नाही.

प्रयोगात अनेकांचे हक्क गुंतलेले असतात. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार नाटककाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. १९९४ च्या दुरुस्तीने नटांनाही स्वतंत्र हक्क मिळाला; त्याची मुदत आज ५० वर्षे आहे. त्यांच्या संमतीवाचून प्रयोगाचे ध्वनिमुद्रण अथवा चलच्चित्रण करता येत नाही. स्थिर छायाचित्र चलच्चित्रणाच्या व्याख्येत सरळ बसत नाही. तेथे नाट्यगृहाचा आणि मंडळाचा नियम पाळणे इष्ट. खाजगी उपयोग, अध्यापन व संशोधन यांसाठी कलम ३९ सवलत देते. परंतु ही सवलत अभ्यासाच्या वहीपुरती आहे, समाजमाध्यमांसाठी नाही. ज्या मंडळाचे वर्षाकाठी मोजकेच प्रयोग होतात, त्याच्या नाटकाचा शेवट मोबाइलवर आधीच फिरू लागला, तर रोह्याच्या प्रयोगाला प्रेक्षक कशासाठी यावा?

याची दुसरी बाजूही पाहावी. छायाचित्र हीदेखील कलाकृती आहे आणि तिचा कर्ता छायाचित्रकार असतो. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राची मालकी, वेगळा करार नसल्यास, मंडळाकडे जाते. तरीही कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा छायाचित्रकाराचा हक्क उरतोच. प्रत्यक्षात मात्र फलकावर आणि स्मरणिकेत त्याचे नाव अनेकदा नसते. ‘त्याने छायाचित्र काढले’ या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, पण कर्ता वाक्यातून नाहीसा होत नाही. व्याकरण जे पाळते, ते आपल्या स्मरणिकांनीही पाळावे.

आपल्यापैकी अनेकांना प्रकल्पासाठी स्थानिक प्रयोग पाहावे लागतील. प्रयोगापूर्वी मंडळाला भेटून चित्रणाचा हेतू सांगा आणि शक्यतो लेखी संमती घ्या. फ्लॅश वापरू नका. रंगीत तालमीत छायाचित्रे घेऊ दिली, तर तेच उत्तम. प्रत्येक छायाचित्राखाली नाटक, नाटककार, नट, स्थळ, दिनांक आणि छायाचित्रकार यांची नोंद करा. प्रसिद्धीसाठी पुन्हा विचारा. एक प्रत मंडळाला द्या. अशा रीतीने जमलेला संग्रह चोरीचा नसेल. तो आपल्या तालुक्याच्या रंगभूमीचा विश्वसनीय दस्तऐवज असेल.