पिसदुऱ्याच्या जीवाश्म थरांना संरक्षण द्या : मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, चंद्रपूर

विषय : वरोरा तालुक्यातील पिसदुरा व जवळच्या डोंगरगाव परिसरातील लॅमेटा थरांच्या जतनाबाबत.

महोदय,

आम्ही या भागातील शेतकरी, शिक्षक व भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांची संघटना आहोत. दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली दबलेले लॅमेटा थर सुमारे 7 कोटी वर्षांपूर्वीचे, डायनासोरांच्या अखेरच्या काळातले आहेत. डोंगरगावात सापडलेल्या आयसिसॉरस या लांब मानेच्या डायनासोरचे वर्णन 1997 मध्ये प्रसिद्ध झाले. पिसदुऱ्याच्या लाल मातीत डायनासोरांची दगड झालेली विष्ठा मिळते. तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण असल्याचे 2005 मध्ये सिद्ध झाले. गवत डायनासोरांनंतर आले, हा समज त्यामुळे मोडीत निघाला.

हे पुरावे उघड्या शिवारात पडून आहेत. नांगरट झाली, पाऊस पडला की तुकडे वर येतात. कास्तकार ते वेचून धुऱ्यावर टाकतो आणि हौशी पाहुणा खिशात घालतो. कोणत्या थरातून निघाला हे कळले नाही, तर असा तुकडा अभ्यासाच्या फारसा कामाचा राहत नाही. भूवारसा जतनाच्या कायद्याचा मसुदा केंद्रीय खाण मंत्रालयाने 2022 मध्ये प्रसिद्ध केला, पण त्याचा कायदा झालेला नाही. तोवर जिल्हा प्रशासनाच्या हाती असलेले उपाय तरी व्हावेत.

आमच्या मागण्या :

1. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाच्या मदतीने गटनंबरनिहाय पाहणी करून जीवाश्म थरांचा नकाशा तयार करावा.

2. नकाशातील गटांत मुरूम, माती वा दगड उत्खननाचा परवाना भूवैज्ञानिकांच्या अभिप्रायाशिवाय देऊ नये.

3. जतनाच्या नावाखाली कुणाची वहिवाट बंद करू नये. मोजका तुकडा राखावा लागल्यास शेतकऱ्याच्या संमतीने तो भाड्याने घ्यावा आणि भाडे दरवर्षी वेळेवर द्यावे.

4. ग्रामपंचायतीत नोंदवही ठेवावी. जीवाश्म दिसताच तो न हलवता गटनंबर, तारीख व छायाचित्र नोंदवावे. यासाठी गावातील तरुणांना प्रशिक्षण व मानधन द्यावे.

5. आयसिसॉरसचे अवशेष कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहेत. त्यांच्या प्रतिकृती मागवून वरोऱ्यात कायम प्रदर्शन उभारावे.

शेतकऱ्याला जमीन जाण्याची धास्ती राहिली तर तो सापडलेले हाड दाखवणार नाही, लपवील. म्हणून तिसरी मागणी मान्य झाल्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नाही. खरिपाच्या नांगरटीआधी शेतकरी, महसूल विभाग व भूवैज्ञानिक यांची संयुक्त बैठक बोलवावी, ही विनंती.

आपले नम्र,
संघटनेचे सर्व सभासद