बुडालेल्या मजुरीचा हिशेब

दिवाळी आली की शहरांतली घरे माणसांनी भरतात आणि त्याच सुमारास मराठवाड्यातली कितीतरी गावे ओस पडू लागतात. बीड जिल्ह्यातून, शेजारच्या पाथर्डी-शेवगावातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा उत्तर कर्नाटकातल्या कारखान्याची वाट धरली जाते. सामानाबरोबर ट्रॉलीत मुलेही चढतात. तेव्हा शाळेचे पहिले सत्र नुकतेच संपलेले असते आणि मुले परततात तेव्हा वर्ष संपत आलेले असते. मधल्या महिन्यांत थोरली मुलगी कोपीत, म्हणजे झोपडीत, धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते.

या मुलीकडे कुणी फी मागत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला. गावात शाळा आहे, पुस्तके फुकट मिळतात, दुपारी खिचडीही शिजते. तरीही तिची शाळा सुटते, कारण ती वर्गात बसली तर घरातले तिचे काम करायला दुसरे कुणी नाही. यंदाच्या अंकाचा विषय ‘शिक्षण आणि संधी’ ठरवताना आमच्यासमोर पहिला प्रश्न हाच होता : शिक्षणाचा खरा खर्च कोणता आणि तो कोण सोसतो?

अर्थशास्त्राने या प्रश्नाला उत्तर दिलेले आहे. डिसेंबर १९६० मध्ये थिओडोर शुल्ट्झ यांनी अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून मानवी भांडवलाची कल्पना मांडली. माणसाच्या ज्ञानावर आणि कौशल्यावर होणारा खर्च ही गुंतवणूक आहे, तिचा परतावा वाढत्या उत्पन्नातून मिळतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या ग्रंथात हाच विचार पुढे नेला. दोघांनाही पुढे नोबेल मिळाले. शाळेतले एकेक जादा वर्ष माणसाची कमाई सरासरी सुमारे नऊ टक्क्यांनी वाढवते, असे अनेक देशांतील आकडेवारीच्या अभ्यासातून दिसले आहे. हा परतावा सर्वांच्या तोंडी असतो. शुल्ट्झ यांच्या मांडणीतला दुसरा, तितकाच मोलाचा भाग मात्र मागे पडतो. शिकणाऱ्याची त्या काळात बुडणारी कमाई हा शिक्षणाच्या खर्चाचा फार मोठा हिस्सा असतो, हे त्यांनी ठासून सांगितले होते. फी माफ केल्याने तो हिस्सा माफ होत नाही. सुखवस्तू घराला तो जाणवतही नाही. मजुराच्या घरात मात्र संध्याकाळची चूल त्यावर अवलंबून असते.

महाराष्ट्राला हे शहाणपण अमेरिकेकडून घ्यावे लागले नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. विद्या नसल्यापासून वित्त खचण्यापर्यंतची कार्यकारणाची साखळी त्यांनी त्याच्या आरंभीच मांडली. त्याआधी एक वर्ष शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी सरकारला जाब विचारला : महसूल रयतेच्या घामातून येतो, मग तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्चता? प्राथमिक शाळेतले शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, त्यांना नांगर किंवा वाकस हाती धरण्याची लाज वाटू नये, आणि अभ्यासात हिशेब, शेती व आरोग्य यांचे ज्ञान असावे, अशी त्यांची मागणी होती. शिक्षण आणि पोट यांच्यामधले अंतर त्यांना तेव्हाच दिसले होते.

राजर्षी शाहूंनी त्यावर राज्यकर्त्याच्या अधिकाराने उपाय केला. १९१७ मध्ये त्यांनी करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी राहू लागली होती. मराठा, जैन, मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे निघाली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. खेड्यातल्या मुलाला शाळा दाखवून भागत नाही, त्याला निजायला जागा आणि दोन वेळचे जेवण लागते, हे या राजाने ओळखले. त्याच कोल्हापुरात भाऊराव पाटील शिकत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते गेले आणि परतल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला. त्यापायी त्यांना राहते बोर्डिंग सोडावे लागले.

पुढे याच तरुणाने ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये सातारला वसतिगृह उघडले, तेव्हा सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करू लागली आणि एका पंगतीत जेवू लागली. १९२७ मध्ये गांधीजींनी तिथे येऊन त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव दिले. मुष्टिफंडासाठी घरोघरीच्या बाया मूठमूठ धान्य बाजूला काढून ठेवत. तरीही कोठी रिकामी व्हायची. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला आणि शेवटी मंगळसूत्रही विकले. त्या पैशांतून मुलांच्या ताटात भाकरी आली. मानवी भांडवल ही संज्ञा रूढ होण्याच्या कितीतरी आधी एका बाईने स्त्रीधन त्या भांडवलात घातले होते. त्याला महाराष्ट्राच्या अर्थेतिहासात स्वतंत्र पान हवे.

‘कमवा आणि शिका’ ही योजना या विचाराचे टोक होती. १९४० मध्ये सातारला सुरू झालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कूलमध्ये मुले शेतात राबत आणि त्या श्रमावर शिकत. बुडणारी मजुरी शाळेच्या आतच भरून काढायची, आणि तीही दान म्हणून न देता हक्काची कमाई म्हणून. मुलाचा ताठ कणा हा या व्यवहारातला सर्वांत मोठा नफा. या वसतिगृहांतून बाहेर पडलेल्या मुलांनी शिक्षक, कृषी अधिकारी, वकील, प्राध्यापक होऊन घरातल्या पुढच्या पिढीची पायरी बदलली. यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी आलेली ईबीसी सवलत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये स्थापन केलेली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि तिचे मुंबईचे सिद्धार्थ व तेव्हाच्या औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय, या साऱ्यांनी तीच वाट रुंद केली.

मग आज पदवी हाती असलेला तरुण हताश का? पुण्यातल्या सदाशिव पेठेत जाऊन पाहावे. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेतली एक खुर्ची, मेसचा डबा, खोलीत चौघे आणि ओठांवर एकच प्रश्न : सरकारी भरतीची जाहिरात कधी निघणार? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहभागाने २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतविषयक रोजगार अहवालानुसार, २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतील बेरोजगारी २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. या आकड्यांवरून शिक्षण निरुपयोगी ठरवणे घातक आहे. निरक्षर तरुणाला बेकार राहणे परवडत नाही, तो मिळेल ते काम पत्करतो. पदवीधर वाट पाहतो, कारण त्याच्या शिक्षणासाठी घरच्यांनी जे गहाण टाकले त्याच्या तोलाचे काम त्याला दिसत नाही. शिक्षण हे बियाणे आहे, त्याला रोजगाराची ओल लागतेच. ती ओल निर्माण करणे हे उद्योगांचे आणि राज्याचे काम आहे. ते न करता तरुणांनाच दोष देणे अन्यायाचे आहे.

शाळेचीही जबाबदारी आहे. ग्रामीण भारतातल्या मुलांचे वाचन तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत पाचवीतल्या जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. वर्षे भरली आणि विद्या आली नाही, तर बुडालेली मजुरी खरोखरच बुडाली. उलट हात आणि डोके एकत्र चालले की काय होते, हे पुणे जिल्ह्यातल्या पाबळने दाखवले आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, अन्नप्रक्रिया या कामांतून तिथली मुले विज्ञान शिकतात आणि गावाला लागणारी कामे करून देतात. फुल्यांच्या मागणीला आपल्या काळात मिळालेले हे उत्तर आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे आणि ती आम्ही स्पष्ट शब्दांत मांडतो. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेही तोच आकडा पुन्हा लिहिला. तो कागदावरून अंदाजपत्रकात यावा. त्यातला पहिला वाटा वसतिगृहांना मिळावा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे टोळ्या निघण्याआधी उघडावीत. टोळी गेल्यावर उघडलेले वसतिगृह मुलीच्या उपयोगाचे नाही. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठीच्या ‘स्वाधार’सारख्या योजनांचा निर्वाह भत्ता सत्राच्या सुरुवातीला खात्यावर पडावा, कारण खानावळीचे बिल महिनाअखेरीस येते आणि ते थांबत नाही. जुलै २०२४ मध्ये राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्कमाफी पूर्ण केली, ही मोठी गोष्ट आहे. या माफीला राहण्या-जेवणाची जोड मिळाली तरच गडचिरोलीची किंवा नंदुरबारची मुलगी ती सवलत वापरू शकेल.

या अंकात शिक्षक, अर्थशास्त्राचे अभ्यासक, उद्योजक आणि वसतिगृहांतून घडलेली माणसे आपापल्या बाजूने या विषयाकडे पाहत आहेत. कथा-कवितांचे दालन नेहमीप्रमाणे भरलेले आहे. 

वाचकांकडे एकच मागणे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात कुणीतरी पहिल्यांदा शिकले, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी त्याच्या जेवणाची सोय केली होती. गावातला वार लावून जेवू घालणारा तो घरमालक असेल, बोर्डिंगचा रेक्टर असेल किंवा स्वतःचे शिक्षण सोडून मजुरीला गेलेली थोरली बहीण असेल. ते देणे आपल्याकडे बाकी आहे. या दिवाळीत जवळच्या एखाद्या वसतिगृहात जा, तिथल्या कोठीत काय कमी आहे ते विचारा आणि एका मुलाचा किंवा मुलीचा वर्षभराचा खर्च उचला. त्याबरोबर आपल्या आमदाराला वसतिगृहांच्या निधीचा हिशेबही विचारा. दान आणि जाब दोन्ही हवेत, कारण कर्मवीर भाऊरावांनी दोन्ही केले.