टिकेल असे काय लिहावे?

हल्ली मोबाईलवर शिकवणाऱ्या मजकुराचा सुकाळ आहे. पण त्यातला बराचसा आठवड्यात शिळा होतो. भरतीची जाहिरात, अर्जाची शेवटची तारीख, संभाव्य प्रश्न! मुदत संपली की वाचकही पांगला. मग टिकाऊ विषय शोधायचे कुठे?

माझ्या मते, घरी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे आलेला प्रत्येक कागद माझ्यापुढे येतो. ‘सातबारा म्हणायचं कशावरून?’ असे वडिलांनी विचारले. गाव नमुना सात हक्काचा, बारा पिकांचा. दोन्ही एका उताऱ्यावर, म्हणून सातबारा. हे उत्तर पुढच्या वर्षीही शिळे होणार नाही.

कुणी म्हणेल, मराठी विश्वकोशाचे २० खंड आता घरबसल्या वाचता येतात की! खरे आहे. पण कोशात शोधायला आधी शब्द ठाऊक असावा लागतो. माझ्या वडिलांजवळ शब्द नसतो, प्रश्न असतो. प्रश्नापासून शब्दापर्यंतची वाट कुणीतरी बांधायला हवी.

बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिक काढून शास्त्रीय विषय मराठीत आणले. आपल्याला तर छापखान्याचीही गरज नाही. मित्रहो, प्रत्येकाने घरचे, शेजारचे दहा प्रश्न वहीत उतरवावेत, उत्तरे सोप्या मराठीत लिहावीत आणि गुरुजनांनी ती तपासून द्यावीत. ज्याला एकदा नीट उत्तर मिळाले, तो दुसरा प्रश्न घेऊन येतोच. असा वाचक धरून ठेवावा लागत नाही.

— द्वितीय वर्ष, कला