यंत्राची आरती, आवाजाची अडगळ

जुन्या ध्वनियंत्रांचा शौक पुन्हा बहरला आहे. स्पूलचे टेपरेकॉर्डर, व्हॉल्व्हचे अँप्लिफायर यांना शहरांत भाव आला आहे. परदेशात नव्याने भरलेल्या एकेका फितीसाठी रसिक शेकडो डॉलर मोजतात. या शौकाला आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्याभोवती उभ्या राहिलेल्या तत्त्वज्ञानाला. फितीवरचा आवाज ‘ऊबदार’ आणि अस्सल, डिजिटल आवाज निर्जीव, हे विधान आता रसिकतेचे लक्षण मानले जाते. अस्सलपणा यंत्रात असतो की आवाजात, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

बीड जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या. त्याच प्रकल्पात १९९६ साली माजलगावच्या भीमनगर या दलित वस्तीतील स्त्रियांच्या, बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. बर्नार बेल यांनी या प्रकल्पासाठी केलेले ध्वनिमुद्रण डॅट फितींवरचे, म्हणजे डिजिटल होते. डॅटवर कुणी प्रेम करीत नाही. सोनीने २००५ मध्ये ती यंत्रे बंद करण्याचे जाहीर केले तेव्हा कुणी शोक केल्याचे ऐकिवात नाही. तरीही माजलगावचा तो आवाज आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकता येतो. कारण कुणी गायले, कुठे गायले, हे नोंदवलेले होते आणि फीत निकामी होण्याआधी तिची प्रत झाली. आवाज टिकला तो नोंदीमुळे आणि नकलेमुळे.

‘ऊबदार’ फितीचे वास्तव काय आहे? फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली लोहाच्या ऑक्साइडची भुकटी. १९७०-८० च्या दशकांतल्या अनेक फितींवरचा चिकट थर हवेतील दमटपणाने विघटित होतो. फीत यंत्रावर लावली की तो सुटून हेडला लागतो. अशी फीत सुमारे ५० अंश सेल्सिअसला कित्येक तास तापवावी लागते आणि ती पुन्हा बिघडण्याआधी प्रत करून घ्यावी लागते. फितीला खरी ऊब लागते ती इथे! ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहाने २०१५ मध्येच इशारा दिला होता की २०२५ पर्यंत डिजिटल न झालेल्या बहुतेक फिती कायमच्या हातच्या जातील.

यावर शौकिनांचे एक उत्तर असते: यंत्रे जिवंत राहिली नाहीत तर फिती वाजवणार कशावर? हा युक्तिवाद आम्हाला पूर्ण मान्य आहे. हेड कसे जुळवावे, रबरी रोलर कसा बदलावा, हे ज्ञान आज या मंडळींपाशीच उरले आहे. पण मग ते ज्ञान दिवाणखान्यात कोंडून का ठेवावे? सात इंची स्पूलवरची १२०० फूट फीत सेकंदाला साडेसात इंच वेगाने ३२ मिनिटे चालते, निम्म्या वेगाने ६४. हा निम्मा वेग शौकिनांना कमअस्सल वाटतो. परंतु रात्रभर चालणारे कीर्तन किंवा भारूड मुद्रित करणाऱ्याला पदरची फीत पुरवायची असते. त्याच्या त्या ‘कमअस्सल’ फितीतच आपल्या भागाचा वाङ्मयेतिहास असतो.

आणि आम्ही मराठीचे अध्यापक तरी काय करतो? ‘मौखिक परंपरा’ छापील पुस्तकातून शिकवतो. ओवी गाताना ओळ मध्येच तुटते, शब्द परत येतात, ‘गं बाई’ची भर पडते, दुसरी बाई सूर उचलते. छापताना आपण हे सारे पाठाबाहेर टाकतो आणि उरलेल्या चार चरणांवर छंदाची चर्चा करतो. लोकसाहित्यावरच्या प्रबंधांच्या परिशिष्टांत शेकडो ओव्या असतात. त्या ज्या फितींवरून उतरवल्या त्या फिती कुठे आहेत, याची नोंद क्वचितच सापडते. हस्तलिखित हरवले तर आपण हळहळतो. मूळ ध्वनिमुद्रण हरवले तर ते हरवले हेही आपल्याला कळत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रबंधासोबत ध्वनिमुद्रणाची प्रत आणि गाणाऱ्याचे नाव-गाव विभागात जमा झालेच पाहिजे. ज्यांच्याकडे चालते यंत्र आहे त्यांनी ते आठवडाभर एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयात आणावे. जो आवाज कुणी उतरवूनच घेतला नाही, तो उद्या कितीही महागड्या यंत्रावर ऐकू येणार नाही.